लेकीला बैठकीत बसू द्या

मैत्रिणींनो, कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ‘युवा संसद’चा कागद लागतो आणि आपली मुलगी घरी येऊन सांगते, “आई, मी नाव दिलंय.” आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, “त्याचे मार्क धरतात का?” दुसरा, “सोबत कोण कोण आहे?” आणि तिसरा, “घरी यायला किती वाजतील?” तिन्ही प्रश्न काळजीपोटीच येतात, त्यात वावगं काही नाही. पण चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : “तिथं तू कोण होणार आहेस, आणि कुणासाठी काय मागणार आहेस?” आज या चौथ्या प्रश्नाबद्दलच बोलू या.

युवा संसद ही काही नवी टूम नाही. केंद्राच्या संसदीय कामकाज मंत्रालयानं १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांतून ही स्पर्धा सुरू केली. पुढे ती विद्यापीठं-महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. २०१९ साली १८ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय युवा संसद महोत्सव झाला. २०२५ मध्ये ‘विकसित भारत युवा संसद’ झाली, तेव्हा जिल्हा पातळीवरचा विषय होता ‘एक देश, एक निवडणूक’. म्हणजे केंद्र आणि राज्यं यांनी एकत्र कसं नांदायचं, हाच प्रश्न. कुणी सभापती होतं, कुणी मंत्री, कुणी विरोधी पक्षनेता. पाहणाऱ्याला वाटतं, स्नेहसंमेलनातलं नाटकच की हे! कधी कधी ते तसं होतंही. मुलं टीव्हीवर पाहिलेला आरडाओरडा हुबेहूब करतात, टाळ्या घेतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. विषय असा दिला जातो की विरोधात बोलायला कुणी धजत नाही. अशा संसदेतून लेकीच्या पदरात काय पडणार, असं तुम्ही म्हणालात तर मी तुमच्याशी भांडणार नाही.

पण याच झाडाला एक दुसरी फांदी आहे. तिला म्हणतात वाटाघाटींचा सराव. साध्या मराठीत, बोलणी करायला शिकणं. भाषण वेगळं आणि बोलणी वेगळी. वक्तृत्व स्पर्धेत समोरच्याला हरवायचं असतं. बोलण्यांमध्ये समोरच्याची सही घेऊन उठायचं असतं. भाषणात आवाज चढवला तरी चालतो, बोलण्यांत चढवलेला आवाज महागात पडतो. आणि भाषणाला स्वतःचं मत पुरतं. बोलण्यांसाठी मात्र समोरच्याच्या घरात काय शिजतंय, त्याला रात्री झोप कशानं लागत नाही, हेही ठाऊक असावं लागतं.

परदेशातल्या विद्यापीठांत हा सराव नेमानं चालतो. युरोपातले बरेच देश मिळून एक संघ झाला आहे. ब्रिटननं २३ जून २०१६ रोजी मतदान घेऊन त्यातून बाहेर पडायचं ठरवलं. बाहेर पडा म्हणणारे शंभरातले ५२, राहा म्हणणारे ४८. प्रत्यक्ष बाहेर पडायला मात्र ३१ जानेवारी २०२० उजाडलं. एवढे दिवस का लागले? तर एकत्र घराची वाटणी होताना काय काय निघतं ते आपल्याला ठाऊक आहेच. वावर कुणाचं, विहिरीचं पाणी कुणाचं, म्हातारीला कोण सांभाळणार आणि घेतलेलं कर्ज कोण फेडणार? देशांचंही तसंच. समुद्रात मासेमारी कुणी करायची, दुसऱ्या देशातून आलेल्या नर्सबाईंनी राहायचं की जायचं, सीमेवर गाड्या तपासायच्या की नाही... तिकडचे विद्यार्थी अशा विषयांवर गट पाडून बसतात. कुणी जर्मनी होतं, कुणी आयर्लंड. ज्या देशाचं नावही धड घेता येत नाही, त्या देशाच्या शेतकऱ्यासाठी भांडायचं, तेही कागदपत्रं वाचून. यात शिकायचं ते हेच.

तुम्ही म्हणाल, ताई, एवढ्या लांबचं आम्हाला काय करायचंय? पण अशी वाटणी आपल्या खान्देशानं स्वतः सोसलेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून १९६० च्या एप्रिलअखेरपर्यंत मराठी आणि गुजराती माणसं एकाच राज्यात होती. द्वैभाषिक मुंबई राज्य असं त्याचं नाव. कच्छ-सौराष्ट्रापासून थेट विदर्भापर्यंत पसरलेलं हे राज्य, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. हा संसार दोन्हीकडच्यांना नको होता. इकडे संयुक्त महाराष्ट्र समिती, तिकडे इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात जनता परिषद. मराठी मुलुखात या लढ्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले. अहिल्याबाई रांगणेकरांसारख्या बायकाही त्यात पुढे होत्या. १९५९ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदी इंदिरा गांधी होत्या. त्यांनी हा प्रश्न पुन्हा उघडला, बोलणी झाली आणि १ मे १९६० रोजी दोन राज्यं झाली.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली, हे आपण शाळेत शिकलो. डांग गुजरातेत गेला, हेही कुठं कुठं वाचलं. पण वाटणीच्या कागदावर आणखी एक ओळ होती. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली ५० गावं आणि पश्चिम खानदेशातली १५६ गावं गुजरातला द्यायची. पश्चिम खानदेश म्हणजे तेव्हाचा आपला धुळे जिल्हा. ही गावं नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या भागातली. हा सगळा भाग १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडतो. आजच्या गुजरातमधले उच्छल आणि निझर हे तालुके त्या देण्याघेण्यातूनच उभे राहिले.

मध्यंतरी धुळ्याच्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी याच वाटणीची बोलणी पुन्हा करून पाहिली. बचत गटांच्या कामामुळे तिथल्या मॅडमशी माझी ओळख. “ताई, दोन दिवस नुसतं ऐकायला या,” असं त्यांनी बोलावलं. जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्हीकडची मुलंमुली होती. नियम मोजकेच. आवाज चढवायचा नाही, कागद दाखवल्याशिवाय आकडा सांगायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांच्या सह्यांचा एक करार तयार व्हायला हवा. नाही झाला तर सगळेच नापास!

चिठ्ठ्या टाकल्या होत्या तरी कुजबूज करून मुलांनी मोठमोठी पात्रं घेतली. कुणी मुंबईची बाजू घेतली, कुणी गुजरातची, कुणी दिल्लीकर झाला. मुलींच्या वाट्याला काय आलं? “तुमचं अक्षर छान आहे, तुम्ही इतिवृत्त लिहा.” आपल्याकडे नेहमी होतं तेच. पहिला दिवस मुंबई, धरणं आणि पैसा यातच गेला. मुलं खरंच तयारीनं आली होती, हे सांगायला हवं. नवी राजधानी बांधायला गुजरातला पैसे किती द्यायचे यावर त्यांनी तासभर काथ्याकूट केला. सीमेवरच्या गावांचा मुद्दा निघाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. “ती दिली म्हणून लिहा,” एकजण म्हणाला. मिनिटाभरात विषय संपला.

तेव्हा इतिवृत्त लिहिणारी शहाद्याकडची मुलगी पेन खाली ठेवून म्हणाली, “सर, मी लिहिते. पण १५६ गावांच्या वतीनं कोण बोललं, तिथं कुणाचं नाव लिहू?”

सभागृह गप्प झालं. चिठ्ठ्यांमध्ये त्या गावांची चिठ्ठीच नव्हती. खऱ्या बैठकीत तरी कुठं होती? मॅडमनी तिथल्या तिथं कोरा कागद फाडून नवी चिठ्ठी लिहिली आणि तिच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी ती सीमेवरच्या गावातली बाई होऊन टेबलाशी बसली. सुरुवातच अहिराणीत केली, “आमले कोनी इचारं का?” पोरं हसली. पण तिच्यापुढचा कागद पाहिल्यावर हसू थांबलं. रात्रभर जागून तिनं चार मागण्या काढल्या होत्या. आठवड्याचा बाजार ज्या गावी भरतो तिथं जाता-येता अडवणूक नको. लग्न होऊन सीमेपलीकडे गेलेल्या बाईचे दाखले दोन्ही राज्यांनी मानावेत. शाळेची भाषा एका रात्रीत बदलू नये, दहा वर्षं दोन्ही चालाव्यात. आणि धरणात गाव गेलं तर जमिनीला जमीन, तीही पाणी चढण्याआधी.

ही मागण्यांची यादी पुन्हा एकदा वाचा. गाव अमुकच राज्यात हवं, असं त्यात कुठंही नाही. बाजार, दाखला, शाळा आणि जमीन. बाईच्या रोजच्या जगण्यातून आलेली ही यादी आहे. आधीचा अख्खा दिवस नकाशा पाहून बोलणाऱ्यांना ती सुचली नव्हती.

चारही मागण्या तिला मिळाल्या, असं मी सांगणार नाही. तसं होत नसतं. बाजाराचं कलम लगेच मान्य झालं, त्यात कुणाचं काही जात नव्हतं. जमिनीवर गुजरातचा प्रतिनिधी अडून बसला. सुरतेला पुरापासून वाचवायचं तर तापीवर धरण हवंच, आणि एवढी जमीन आणायची कुठून, असा त्याचा सवाल. तोही खोटा नव्हता. दुपारच्या चहाला ती मुलगी त्याच्याशी बाजूला जाऊन बोलली. परत आली ती शाळेच्या भाषेची मुदत दहावरून पाच वर्षांवर आणून, आणि बदल्यात ‘आधी जमीन, मग पाणी’ हे शब्द करारात घालून घेऊनच. दाखल्यांचं कलम एका समितीकडे गेलं, म्हणजे खरं तर लांबणीवर पडलं. तिनं ते तसंच लिहून घेतलं, समितीनं किती महिन्यांत उत्तर द्यायचं तेही लिहायला लावलं आणि मगच सही केली. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे वीस वर्षांच्या पोरीला दोन दिवसांत उमजलं होतं.

आता सरावातलं सोडून प्रत्यक्षाकडे येऊ. सुरत-भुसावळ मार्गावरून कधी गेलात तर नवापूर स्टेशनवर जरा खाली उतरून पाहा. राज्याची हद्द स्टेशनातूनच जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांचं कार्यालय गुजरातमध्ये. मध्ये एक बाक आहे, अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे. लोक हौसेनं त्यावर बसून फोटो काढतात. गंमत वाटते खरी. पण ती हद्द बाकावर थांबत नाही, ती घराघरांतून जाते. तिकडची लेक इकडे सून म्हणून येते, इकडची तिकडे जाते. नातीगोती राज्य पाहून जुळत नाहीत. अडचण येते ती कागदावर. जातीचा दाखला बाईच्या वडिलांकडून ठरतो, नवऱ्याकडून नाही. आणि अनुसूचित जाती-जमातीची सवलत ज्याच्या त्याच्या मूळ राज्यात मिळते. लग्न करून दुसऱ्या राज्यात आलेल्या बाईला ती आपोआप लागू होत नाही. म्हणजे निझर तालुक्यात जन्मलेली आदिवासी मुलगी नंदुरबार तालुक्यात सून होऊन आली, तर माहेर-सासर हाकेच्या अंतरावर असूनही राखीव जागेचा फॉर्म भरताना तिच्यापुढे हद्द उभी राहते. तिची आजी ज्या जिल्ह्यात जन्मली, तोच हा मुलूख, पण कागदाला आजी दिसत नाही.

आणि धरण? उकाई धरण १९७२ साली पूर्ण झालं. सुरतेच्या बाजूला पाणी आणि वीज मिळाली, पुराला लगाम बसला. त्याच जलाशयाखाली आदिवासींची गावं गेली. ‘आधी जमीन, मग पाणी’ हे तीन-चार शब्द करारात असणं किती मोलाचं असतं, ते ज्यांची चूल पाण्याखाली गेली त्यांना विचारावं.

माणसांना विचारणं अशक्य असतं का? गोव्याचं उदाहरण आहे ना. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, हे ठरवायला १६ जानेवारी १९६७ रोजी तिथं जनमत कौल घेतला गेला. बायकांनीही मतं दिली आणि कौल वेगळं राहण्याच्या बाजूनं गेला. आपल्यापैकी अनेकांना तो तेव्हा रुचला नाही, पण निदान विचारलं तरी गेलं. आपल्या सीमेवरच्या गावांत असं गावोगाव मतदान झालं नाही. इथं मला कुणा पुढाऱ्याला दोष द्यायचा नाही. मुंबईसाठी रक्त सांडलं होतं, वाटणी लवकर उरकणं सगळ्यांनाच हवं होतं. पण घाईच्या बैठकीत जो हजर नसतो त्याचंच काहीतरी जातं, हा धडा मात्र घ्यायला हवा.

हजर राहण्यासाठी बायकांनी काय करता येतं, याची एक गोष्ट मला फार आवडते. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनच्या ताब्यातला प्रदेश. तो ब्रिटनशी जोडलेला राहावा की आयर्लंडला मिळावा, यावरून तीस वर्षं तिथं बॉम्ब फुटत होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या गल्लीत जात नसत. १९९६ साली शांततेची बोलणी ठरली आणि त्यात बसायला प्रतिनिधी निवडून द्यायचे ठरले. बायकांनी पाहिलं, पक्षांच्या याद्यांमध्ये आपण कुठंच नाही. मग काही आठवड्यांतच दोन्ही पंथांच्या बायकांनी मिळून ‘महिला आघाडी’ उभी केली. मतं मिळाली किती? शंभरात एक! पण पहिल्या दहा पक्षांना टेबलाशी दोन-दोन जागा होत्या, त्यामुळे मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सागर, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट, अशा दोघी आत जाऊन बसल्या. काही पुरुष प्रतिनिधी त्यांना पाहून गाईसारखं हंबरत, चेष्टा करत. त्या उठून गेल्या नाहीत. हिंसाचारात होरपळलेल्यांचं काय, दोन्हीकडची मुलं एकत्र शिकतील अशा शाळांचं काय, हे प्रश्न त्यांनी लावून धरले. १० एप्रिल १९९८ च्या करारात त्यांना जागा मिळाली. बाकीचे सत्तेची वाटणी बोलत होते, तेव्हा या दोघी उद्याच्या जगण्याचं बोलत होत्या. धुळ्याच्या त्या मुलीनं ही गोष्ट वाचलेली नव्हती. पण केलं तिनं तेच.

आता आपल्या घरात या. बोलणी करणं बाईला येत नाही, असं कोण म्हणेल? सकाळी भाजीवालीशी घासाघीस आपणच करतो. बँकेच्या साहेबाकडून गटाचं कर्ज मंजूर करून आणतो. सासू आणि नवरा यांच्यामध्ये रोज कोण तह घडवून आणतं? कसब अंगात आहे. पण लग्नाची बैठक आठवा. याद्या करायला बाहेर सतरंजीवर कोण बसतं? मामा, काका, फुवा, गावातले चार जाणते. देणंघेणं, मानपान, तारीख सगळं तिथं ठरतं. जिचं लग्न ती आत, जिनं तिला वाढवलं ती दाराआड, हातात चहाचा ट्रे. मध्येच कुणीतरी आत येऊन विचारतं, “काय वहिनी, ठीक आहे ना?” ठरून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला काय अर्थ?

आणि तीच बाई उद्या सरपंच होते. १९९३ पासून पंचायतीत तेहतीस टक्के आणि महाराष्ट्रात २०११ पासून पन्नास टक्के जागा बायकांच्या आहेत. लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ साली मंजूर झाला. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर तो लागू व्हायचा, असं त्यातच लिहिलेलं आहे. खुर्च्या येत आहेत, बायांनो. पण ज्या पोरीला विसाव्या वर्षापर्यंत कुणी बैठकीत बसू दिलं नाही, ती चाळिसाव्या वर्षी खुर्चीत बसली की शेजारी नवरा उभा राहतो, आणि सही तिची, बोलणं त्याचं! त्यालाच गावात ‘सरपंचपती’ म्हणतात. नुसती टीका करून ही रीत जाणार नाही. बोलायची सवय लहानपणी लागली तरच ती जाईल.

सवय लागण्याच्या वाटेत काय काय आडवं येतं, ते कामाच्या निमित्तानं मी पाहत असते. पहिली आडवी येते एसटी. तयारी कॉलेज सुटल्यावर होते आणि खेड्यावरच्या मुलीची शेवटची गाडी त्याआधीच निघते. विद्यापीठ जळगावच्या बाहेर, गिरणेच्या काठी, बांभोरीजवळ. धुळ्याहून किंवा शहाद्याहून तिथं स्पर्धेला जायचं म्हणजे मुक्कामाचा प्रश्न. मुलगा म्हणतो, “मित्राच्या रूमवर राहीन.” मुलीला “नको बाई” ऐकावं लागतं. दुसरी अडचण कामाच्या वाटपाची. मुलींनी स्वागतगीत म्हणायचं, रांगोळी काढायची, सूत्रसंचालन करायचं. फार तर महिला व बालकल्याण मंत्री व्हायचं. अर्थमंत्री, पाटबंधारे मंत्री किंवा विरोधी पक्षनेता व्हायला मुलगी क्वचितच उभी केली जाते. तिसरी भाषेची. मोठ्या शहरांत ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ नावाचे असेच सराव चालतात. छान असतात, पण इंग्रजीत. आपल्या पोरी तिथं गेल्या तर शब्द शोधण्यातच त्यांचा वेळ जातो. मराठीत आणि गरज पडली तर अहिराणीतही बोलायची मुभा असेल, तर त्या कुणाला ऐकणार नाहीत.

आपल्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आसोद्याची ही माय लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, तरी तिच्या नावानं आज तीन जिल्ह्यांच्या मुलांना पदव्या मिळतात. आणि याच जळगावच्या मू. जे. महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ साली, महाराष्ट्र झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, वयाच्या २७ व्या वर्षी जळगावातून आमदार झाल्या. पुढे २००७ मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या. खान्देशच्या मातीत बायका बोलत नाहीत, असं कुणी म्हणूच नये.

म्हणून काही मागण्या. कॉलेजांना सांगायचं तर, युवा संसद जरूर घ्या, पण वर्षातून एकदा अशी बोलणीही घ्या. विषय आपल्याच मातीतले निवडा. गिरणेच्या पाण्याचं आवर्तन, केळीचा भाव, सीमेवरच्या गावांचे दाखले, एक देश एक निवडणूक, काहीही चालेल. पात्रांच्या चिठ्ठ्या प्रामाणिकपणे टाका, अक्षर चांगलं म्हणून मुलींना वहीत अडकवू नका. निर्णयाचा चटका ज्याला बसणार आहे, पण जो बैठकीत कधी बोलावला जात नाही, त्याची एक चिठ्ठी दर वेळी असू द्या. तयारीची वेळ एसटीच्या वेळापत्रकाशी जुळवा. बाहेरगावी न्यायचं तर सोबत बाईमाणूस द्या आणि मुक्कामाची सोय आईला आधी फोन करून कळवा. ‘युवारंग’साठी मुलींना नाचगाण्याची तालीम देता, तेवढीच तालीम याचीही द्या.

महिला मंडळांनीही हळदीकुंकवाच्या एखाद्या कार्यक्रमात तासभर हा खेळ करून पाहावा. अर्ध्या जणी ग्रामपंचायत, अर्ध्या जणी पाणी न मिळणाऱ्या वस्तीतल्या. शेवटी एका कागदावर सगळ्यांच्या सह्या. जमतं का बघा! आमच्या गटानं केला तेव्हा रोज एकमेकींच्या तोंडाला तोंड देणाऱ्या दोघी-तिघी दुसऱ्याची बाजू मांडताना अशा काही गोड बोलल्या की सगळ्या चकित झाल्या.

आणि आई म्हणून आपण? मुलीनं नाव दिलंय म्हटलं की मार्क विचारा, सोबत विचारा, वेळही विचारा. मग तिला समोर बसवून तो चौथा प्रश्न विचारा. ती सांगेल, “मला धरणग्रस्तांची बाजू मिळालीय.” तेव्हा, “अगं, आपल्या ओळखीत त्या गावचं कुणी आहे का पाहू, त्यांनाच विचार,” एवढं म्हणालात तरी तिची निम्मी तयारी झाली. तिच्या वडिलांना सांगा की ती तंटा करायला शिकत नाही, मिटवायला शिकते आहे. घरात पुढची बैठक बसेल, मग ती भावाच्या लग्नाची असो की शेताच्या वाटणीची, तेव्हा चहाचा ट्रे दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि लेकीला सतरंजीवर जागा करून द्या. सुरुवातीला मामा-काकांच्या भुवया उंचावतील, उंचावू देत. हद्दी आखणाऱ्यांमध्ये ती असेल तर आखलेली रेघ कुणाच्या चुलीवरून जाते आहे, हे निदान एकजण तरी पाहील.